बर्फाखालची वरात

परवा ईट गावच्या रस्त्यावर मळणीयंत्रामुळं माझी स्कूटी अडकली. बांधालाच यंत्र लावलेलं, आणि सोयाबीनचं भूस रस्त्याच्या या अंगावरून त्या अंगाला उडत होतं. तोंडाला ओढणी गुंडाळून मी थांबले. उन्हाची तिरीप भुसात शिरली की ते सोन्यासारखं दिसतं आणि नाकात शिरलं की दिवसभर शिंका येतात. मागं बसलेली सहकारी शिक्षिका म्हणाली, "किती छान दिसतंय ना!" या दिवसांत लांबवर बघून कुणी 'किती छान' म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, तिथं आत कुणी आहे का?

ईटच्या बाजूला बदली होण्याआधी मी तेरखेड्याच्या अलीकडच्या एका गावात दोनशिक्षकी शाळेवर होते. कळंबहून येरमाळ्यापर्यंत एसटी, तिथून काळीपिवळी जीप, आणि ती गावात आली नाही तर शेवटचा मैलभर पायी. तेरखेड्याकडचं फटाक्याचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गावालाही माळावर पत्र्याच्या खोल्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या. लांब का, ते शाळेतलं पहिलीचं पोरही सांगायचं: एक उडाली तर दुसरी राहावी म्हणून. पोळा झाला की काम वाढायचं. बाया सकाळी भाकरी बांधून माळाकडं निघायच्या आणि कागदाच्या नळ्या वळायच्या, दारू भरायच्या, वाती ओवायच्या. संध्याकाळी परतताना त्यांच्या हातांना कोपरापर्यंत चंदेरी पूड चिकटलेली असायची. ती साध्या पाण्यानं निघत नसे. भाकरीच्या पिठातही तिचे कण चमकायचे.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या प्रतीक्षाची आई, सुरेखा, त्या बायांतली एक. वय असेल तिशीच्या आत. पोरीला शाळेच्या फाटकाशी सोडताना ती चालता चालताच तिची वेणी घट्ट करायची आणि जाताना पोरीच्या गालाला बोट लावायची. प्रतीक्षा ते चंदेरी बोट गालावर तसंच ठेवून वर्गात यायची. "मॅडम, माझ्या आईचे हात चांदीचे हायत," असं ती मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. वर्गात कुणी हसलं नाही. उलट श्रावणीनं स्वतःच्या आईची तक्रार केली, "माझी आई शेतात जाती, तिचे हात नुसते काळे." श्रावणी वर्गातली सगळ्यात देखणी पोर. दोन वेण्या, लाल फिती, बदामासारखे डोळे. आपण देखण्या आहोत हे तिला नीट ठाऊक होतं, आणि मोठी माणसं तिला ते रोज नव्यानं सांगायची. मीही सांगितलं असणार.

शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा. त्यासाठी मी घरून एक पुस्तक नेत असे. माझे अब्बा कळंबला शिंपीकाम करायचे. बाजाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडून त्यांनी ते मला आणून दिलं होतं. रशियन गोष्टी, मराठीत केलेल्या, जाड गुळगुळीत कागद, दर चार पानांनी एक रंगीत चित्र. मी सात-आठ वर्षांची असेन. त्यात एका म्हातारीचं चित्र होतं. नाकावर मस, एकच दात, हनुवटीवर केस. एके दुपारी मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि तिचे दोन्ही डोळे फोडले. टोक घालून फिरवलं. अब्बांनी ते पाहिलं, मशीन थांबवलं आणि विचारलं, "इने तेरा क्या बिगाडी गे?" म्हातारीनं गोष्टीत कुणाचंच काही बिघडवलेलं नव्हतं. ती चुलीपाशी बसून मोजे विणत होती, एवढंच. अब्बांनी पानं उलटून दाखवली. कर्कटक आरपार गेलं होतं. पुढच्या चित्रातल्या निळ्या झग्याच्या गोंडस मुलीच्या कपाळालाही दोन भोकं पडली होती.

त्या गोष्टी मी पुढं पुन्हा पुन्हा वाचल्या. आपल्याकडच्या गोष्टीत राजकन्या सुंदर असते आणि चेटकीण कुरूप, म्हणजे कुणावर माया करायची आणि कुणाला मारायचं हे चेहऱ्यावरूनच कळतं. रशियन गोष्टीत तशी सोय नव्हती. तिथलं पोर टेबलाच्या उंचीवरून जग बघतं. त्याला पाहुण्याच्या नाकातले केस दिसतात, बुटाच्या कातड्याचा वास येतो, मास्तरच्या कोटाचं तुटलेलं बटण दिसतं. गोऱ्यापान हातांची बाई त्याच हातानं मोलकरणीच्या थोबाडीत मारते, आणि पोराला आधी हाताची अंगठी चमकताना दिसते, मग आवाज येतो. त्याला ती चमक आवडते. लेखक त्याला रागवत नाही. मला त्या वयात याची भीती वाटायची, आणि पुस्तक सोडवतही नसे.

माझ्या वर्गातली पोरंही तशीच. 'सुंदर' हा शब्द ती निबंधापुरता वापरायची. तोंडात असायचं 'भारी' आणि 'कसंतरी'. मोराचं पीस भारी, सापाची कात भारी, बोकड कापताना निघालेली वाफही भारी. हेडसरांच्या बोटाचं वाकडं नख कसंतरी. भारी वाटलेल्या गोष्टीजवळ जायचं, हात लावायचा. कसंतरी वाटलेल्या गोष्टीला दगड मारायचा. गावातल्या खरूज झालेल्या कुत्रीला त्यांनी असंच मारत मारत ओढ्यात घातलं होतं. मी ओरडले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. "मॅडम, ती लई घाण दिसत व्हती," ती म्हणाली, जणू तेवढ्यानं सगळं मिटत होतं.

त्या साली, सोयाबीन काढणीला आलेलं असताना, मी त्यांना बर्फाखालच्या वरातीची गोष्ट वाचून दाखवली. एका गावात लग्न असतं. गोठलेल्या नदीवरून वऱ्हाडाच्या घसरगाड्या चाललेल्या, घोड्यांच्या आयाळीत फिती, बायांच्या डोक्यावर लाल रुमाल. मधोमध बर्फ तडकतो आणि पुढच्या दोन गाड्या आत जातात. काठावर आत्याचा हात धरून एक लहान मुलगी उभी असते. काठाशी बर्फ काचेसारखा असतो. प्रवाहाबरोबर वाहत आलेले लाल रुमाल आणि फिती त्याच्या खालून, तिच्या पायाखालून, सरकत जातात. तिनं एवढं भारी काही कधी पाहिलेलं नसतं. ती आनंदानं हसते. आत्या तिच्या तोंडावर मारते, नाकातून रक्त येईपर्यंत मारते, आणि रक्ताचे थेंब पांढऱ्या बर्फावर पडतात. गोष्ट तिथंच संपते. कोण चुकलं ते लेखक सांगत नाही.

श्रावणी म्हणाली, "ती पोरगी वाईट हाय. माणसं मेल्यावर कुणी हसतं व्हय?"

"तिला काय म्हाईत आत माणसं हायती?" प्रतीक्षा म्हणाली. "तिला नुसते रुमाल दिसले."

"रुमाल काय आपले आपण जात्यात का?"

"बर्फावर रक्त लई भारी दिसत आसंल," मागून कुणीतरी म्हणालं. दोघीतिघी 'शी' म्हणाल्या. पण सगळ्यांनी डोळ्यांसमोर ते आणून पाहिलं, हे मला कळलं, कारण मीही आणलं.

"मॅडम," प्रतीक्षानं विचारलं, "मोठी झाल्यावर त्या पोरीला कळलं आसंल का? आत कोण व्हतं ते?"

मी म्हणाले, कळलं असेल. घंटा झाली. पुढं जे झालं त्याच्या आदल्याच शनिवारी मी ही गोष्ट वाचली होती, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

चार दिवसांनी, दुपारच्या खिचडीची वेळ. पोरं व्हरांड्यात ताटल्या घेऊन ओळीनं बसलेली. शाळेला लागून असलेल्या रानात मळणी चालू होती, त्यामुळं पहिला आवाज कुणालाच नीट कळला नाही. यंत्राचा पट्टा तुटला असं वाटलं. मग माळाच्या अंगाला आभाळात रंग उठले. भर दुपारी, उन्हात. हिरवे, लाल, पांढरेशुभ्र. बाण सुटत होते, झाडं फुलत होती, एकावर एक. पोरं ताटल्या टाकून कुंपणाच्या भिंतीकडं धावली. प्रतीक्षा सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढली आणि टाळ्या वाजवायला लागली. "अय्यो, किती भारी! मॅडम, बगा की! बगा की!"

मी बघितलं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही भारी वाटलं.

मग दुसरा स्फोट झाला. तो कानांनी नाही, छातीनं ऐकला. एक अख्खा पत्रा गोल गोल फिरत वर गेला आणि सावकाश खाली आला. वर्गाच्या काचा आत पडल्या. धुरातून बाया बाहेर आल्या. कुणी पळत होतं, कुणी रांगत होतं, आणि दोघींच्या अंगावर ज्वाळा होत्या. त्या पळाल्या त्या थेट सोयाबीनच्या रानात. वाळलेलं सोयाबीन ते, लागलीच पेटलं. मळणीवरची माणसं ओली पोती घेऊन धावली आणि बायांना झोडपायला लागली. जीव खाऊन. आग अशीच मारून विझवावी लागते. पण भिंतीवरच्या बारक्यांना ते कुठलं कळायला? ती किंचाळायला लागली, "मारू नगा! ओ काका, मारू नगा तिला!"

कुणीतरी म्हणालं, "प्रतीक्षाची आई बी तिकडंच हाय."

प्रतीक्षाच्या टाळ्या थांबलेल्या होत्या. दोन्ही हात मात्र अजून छातीपुढं होते, एकमेकांपासून वीतभर लांब, तसेच.

तिघी गेल्या. त्यातल्या एकीचं जे काही मिळालं ते दुसऱ्या दिवशी बांधाबांधानं हिंडून, धोतरात गोळा करून आणलं. एका रानात सोयाबीनच्या गंजीत चप्पल सापडली, चपलेचा अंगठा शाबूत होता. शाळा चार दिवस बंद राहिली. पाचव्या दिवशी पोरं आली आणि मैदानात 'स्फोट-स्फोट' खेळायला लागली. एक धाडकन आवाज काढायचा, दोघी पडायच्या, बाकीचे दप्तरांनी त्यांना मारायचे. मी खेळ मोडला. ती भिंतीच्या मागं जाऊन खेळली. शेवटी मी बघायचं सोडून दिलं.

सुरेखा वाचली. पण कशी, ते विचारू नये अशी. तिला सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. नवराही तिच्याबरोबर गेला. प्रतीक्षा चुलतीकडं राहायला आली. ती शाळेत यायची, गणितं सोडवायची, पाढे म्हणायची. फक्त एक बदल मला दिसला. परिपाठाला कुणासाठी टाळ्या वाजवायची वेळ आली की ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यावर बसायची. मला वाटलं, थंडीमुळं असेल. मास्तरकी करून करून माणूस पोरांच्या हातांकडं बघायचं विसरतो, फक्त वहीकडं बघतो.

गोष्टीचं पुस्तक मी परत शाळेत नेलं नाही. पोरांनी विचारलं तेव्हा हरवलं म्हणून सांगितलं.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी सुरेखा घरी आली. ज्वारी हुरड्याला आलेली, हवेत शेकोटीचा वास. गावातल्या बाया तिला बघून आल्या आणि घरी जाऊन जेवल्या नाहीत. चुलती प्रतीक्षाला हाताला धरून तिच्या घरी घेऊन गेली. पोर उंबऱ्यापर्यंत गेली, आतून आईनं "ये गं" म्हणून हाक मारली, आणि तिनं चुलतीच्या मनगटाला चावा घेऊन रान गाठलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बापानं तिला खांद्यावर टाकून नेलं तर तिनं त्याची दाढी ओरबाडली. सगळं गाव म्हणायला लागलं, पोरगी आईच्या तोंडाला भेती. मीही तेच धरून चालले. हेडसरांना म्हणाले, "लहान आहे ती. भेसूर दिसतंय, भिणारच." एवढ्या गोष्टी वाचून मला एवढंच समजलं होतं.

मग श्रावणीचा तो दिवस आला.

मधल्या सुट्टीत हातपंपावर पोरं पाणी पीत होती. श्रावणी म्हणाली, आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आमी काल बघितली हिची आई. तोंड म्हंजी निस्तं वांग्याचं भरीत. आमचा बारका चड्डीत मुतला." पोरं हसली. प्रतीक्षा दांडा दाबत होती. तिनं दांडा सोडला, खाली वाकली आणि मूठभर आकाराचा दगड उचलला. मारला नाही लांबून. चालत जवळ गेली, डाव्या हातानं श्रावणीची वेणी पकडली, तोंड वर केलं आणि दगड तिच्या ओठावर आपटला. एकदा, मग आणखी एकदा. मी व्हरांड्यातून पळत पोचेपर्यंत वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि पुढचा एक दात पंपाच्या शेवाळात पडला होता.

"आता तूबी तसलीच," प्रतीक्षा तिला म्हणत होती. धापा न टाकता, हळू. "आता तूबी तसलीच दिसनार."

मी प्रतीक्षाच्या कानशिलात मारली. आयुष्यात कुठल्याच पोराला मारली नव्हती इतक्या जोरात. ती चिखलात पडली. कानातलं निघून तिच्या कानाच्या पाळीतून रक्त आलं. मला तिच्या कृत्याचा राग आला होता, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत आले. पण मारताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त श्रावणीचा चेहरा होता. एवढा देखणा चेहरा, आणि तो हिनं मोडला. दगड एखाद्या शेंबड्या, काळ्या पोरीला लागला असता तर मी इतकी जोरात मारली असती का? या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणूनच मी तो फारसा विचारत नाही.

येरमाळ्याला नेऊन श्रावणीला पाच टाके घातले. संध्याकाळी तिची आई शाळेत येऊन जमीन हादरेल अशी ओरडली. "माझ्या पोरीचं तोंड बिघडवलं! पुढं तिचं कसं व्हायाचं? ती पोरगी शाळंत आली तर मी माझ्या हातानं तिचं थोबाड फोडीन." हेडसर भले गृहस्थ, पण मिटवामिटवीचे. त्यांनी प्रतीक्षाला घरी बसवलं आणि निरोप धाडला की पालकांनी येऊन भेटावं. मला वाटलं, बाप येईल.

पंधरा दिवसांनी, श्रावणी टाके काढून शाळेत परतली त्या सकाळी, सुरेखा आली. पदर डोक्यावरून पुढं ओढून, हनुवटीखाली मुठीत धरलेला. तिच्यामागं पाच-सहा पावलं सोडून प्रतीक्षा, चुलतीनं दंडाला धरून आणलेली. श्रावणीची आई आधीच येऊन वर्गातल्या भिंतीला टेकून उभी होती. वर्ग चालू होता. मी फळ्यावर भागाकार लिहीत होते.

"हेडसर कुटं हायत?" सुरेखानं विचारलं. आवाज तोच होता, फक्त प, ब, म नीट उमटत नव्हते.

"येतीलच. बसा ना," मी फळ्याकडं बघत म्हणाले.

"बसायला न्हाय आले." ती पोरांकडं वळली. "श्रावणी कुटं बसलीय गं?"

श्रावणी उभी राहिली. वरच्या ओठावर जांभळी, जाड रेघ होती. एका बाजूनं ओठ थोडा वर उचललेला.

"माझ्या पोरीनं केलं ते लई वंगाळ केलं. मी तुझी माफी मागते, तुझ्या आईची बी मागते," सुरेखा म्हणाली. "पण मी गेल्यावर तुमी परत बोलनार. रोज रस्त्यानं चोरून बघनार, अन् मग बोलनार. त्यापरीस आत्ताच बघून घ्या. एकदाच, नीट बघा. म्हंजी परत परत बघायला नगं."

आणि तिनं पदर सोडला.

वर्गात कुणीतरी हुंदका दिला. एक मुलगा बाहेर जाऊन ओकला. श्रावणीच्या आईनं तोंड फिरवलं. मी खडू घट्ट धरला आणि भागाकार पुरा करायला लागले. बाकी सात येत होती. मी ती पुन्हा तपासली.

पाठीमागं मला बाकं सरकल्याचे आवाज आले. पोरं पुढं येत होती. एकजण म्हणाला, "काकू, आता दुखतं का?"

"ऊन लागलं की."

"कान कुटं गेला?"

"जळाला."

"मग ऐकू येतं?"

"तू बोलतोस ते येतंय की."

"ह्यो डोळा मिटतो का?"

"न्हाय. झोपंत बी उघडाच ऱ्हातो. धूळ गेली की लई चुरचुरतो."

"मानंचं कातडं ताणलंय, तर वर कसं बघता?"

"सगळं अंगच मागं करते. हे असं."

तिनं करून दाखवलं. दोघातिघांनी तसं करून पाहिलं. पाच मिनिटांपूर्वी जे भेसूर होतं ते आता त्यांना विज्ञानाच्या पाठासारखं झालं होतं, प्रश्नामागून प्रश्न. श्रावणीनं स्वतःच्या ओठाला बोट लावलं आणि विचारलं, "टाके काढताना तुमाला बी झोंबलं?" सुरेखा म्हणाली, "व्हय गं बाई. लई झोंबलं." त्यावर श्रावणीनं मान हलवली, एका दुखणाईतानं दुसऱ्याला हलवावी तशी.

मग दारातून प्रतीक्षाचा आवाज आला. चुलतीनं तिचा दंड कधी सोडला ते मला कळलं नाही. ती अजून उंबऱ्याबाहेरच होती, हात पाठीमागं.

"आई, तवा तुला आमची शाळा दिसत व्हती का?"

"कवा?"

"तवा. पैल्या आवाजाला. भितीवर आमी व्हतो."

"न्हाय गं," सुरेखा म्हणाली. "आत नुसता धूर. धुरात काय दिसतंय?"

"काईच न्हाय दिसलं? मी बी न्हाय?"

"तुझं काय घिऊन बसलीस, मला माझा हात दिसत नव्हता."

वर्गातल्या कुणालाच हा प्रश्न कशासाठी होता ते कळलं नाही. सुरेखालाही नाही. मला कळलं, आणि माझ्या हातातला खडू मोडला. ही पोर आईच्या चेहऱ्याला भीत नव्हती. आईनं आपल्याला टाळ्या वाजवताना बघितलं, असं साडेतीन महिने धरून ती बसली होती. मी तिला ती गोष्ट वाचून दाखवली होती, आणि त्यातल्या पोरीला नंतर कळलं असेल का, असं तिनं विचारल्यावर 'कळलं असेल' असं म्हणून मोकळी झाले होते.

प्रतीक्षा आत आली. बाकांच्या मधून चालत आईपर्यंत गेली आणि तिच्या शेजारी, डाव्या अंगाला, उभी राहिली. आईकडं तिनं वर मान करून पाहिलं, बराच वेळ, जसं एखादं पोर चित्राचा कोपरान् कोपरा बघतं तसं. मग ती माझ्याकडं वळली.

"मॅडम, तुमी न्हाय बघितलं."

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी खडूचे तुकडे ठेवले, हात झटकले आणि सुरेखासमोर जाऊन उभी राहिले. डावा गाल मेणासारखा वितळून पुन्हा थिजलेला, त्यावर दोऱ्यांसारख्या गाठी. ओठाचा कोपरा गालाकडं ओढलेला, त्यामुळं ती हसते आहे की काय ते तोंडावरून कळत नव्हतं. उजवा डोळा होता तसाच होता. तो माझ्यावर रोखलेला होता. किती वेळ बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. तेही सुरेखानंच सांगितलं.

"बास मॅडम," ती म्हणाली. "आता कामाचं बोला. पोरीला वर्गात बसवून घेता का न्हाय?"

मी श्रावणीच्या आईकडं पाहिलं. ती अजून भिंतीकडं तोंड करून होती. तशीच, न वळता ती म्हणाली, "माझ्या पोरीपाशी नगं बसू दिऊ म्हंजी झालं." हेडसर आले तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं. मी प्रतीक्षाचं नाव हजेरीत घेतलं. तिच्या कानाबद्दल मी तिची माफी मागितली, वर्गासमोर. तिनं नुसतं "हा" म्हटलं. मुलं मोठ्यांना फार सहज सोडतात, आणि तेच जास्त लागतं.

सुरेखा पोरीसाठी शाळा सुटेपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली थांबली. सुटल्यावर चुलतीनं हाक मारली, पण प्रतीक्षा त्या घराकडं वळली नाही. मायलेकी रस्त्यानं निघाल्या. हातात हात नव्हता, काही बोलणंही चाललेलं दिसत नव्हतं. मी फाटकापाशी काळीपिवळीची वाट बघत उभी होते. तेवढ्यात जीप आली, गच्च भरलेली, न थांबता गेली, आणि मागं धुळीचा लोट उठला. सुरेखा मान फिरवू शकत नव्हती. प्रतीक्षानं दप्तर खाली टाकलं, टाचा उचलल्या आणि आपला पंजा आईच्या डाव्या डोळ्यापुढं धरला. धूळ पूर्ण खाली बसेपर्यंत ती तशीच चवड्यांवर उभी होती.